एका बरोबरीची हकीकत



या अंकात आमचा लेख खोडव्यातील पाचट व्यवस्थापनावर यायचा होता. तो पुढच्या अंकात येईल. तोवर पाचट जाळू नका, एवढेच सांगून ठेवतो. या खेपेला आम्ही जागा वेगळ्या विषयाला मागितली आणि संपादक मंडळाने ती दिली, याबद्दल त्यांचे आभार. विषय आहे बुद्धिबळाच्या एका डावाचा. तो डाव आपल्या वेळापुरात झाला, खेळणारे दोघे आपल्यातलेच आहेत, आणि त्या डावाविषयी गेले काही आठवडे पारावर, चहाच्या टपरीवर, उसाच्या फडावर जे बोलले जात आहे ते आम्हाला मुळीच पटलेले नाही.

वेळापूर म्हटले की परगावच्या माणसाला अर्धनारी नटेश्वराचे जुने देऊळ आठवते, नाहीतर आषाढीच्या वाटेवरचा माउलींच्या पालखीचा मुक्काम. बुद्धिबळ कुणाला आठवत नाही. आपल्याकडे खेळ म्हणजे कुस्ती. तरीपण २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत गावात तीन दिवसांची खुली स्पर्धा झाली आणि पंचक्रोशीतून बरीच पोरे-माणसे आली. सहा फेऱ्या, रोज दोन. प्रत्येकाला एक तासाचा वेळ, शिवाय दर चालीला तीस सेकंद जादा. चाली कागदावर लिहून काढायच्या. पद्धत स्विस, म्हणजे हरला म्हणून कोणी घरी जात नाही. दर फेरीला साधारण सारख्या गुणांची माणसे समोरासमोर बसवतात. १८९५ साली झुरिकच्या स्पर्धेत ही रीत पहिल्यांदा वापरली गेली म्हणून तिचे नाव स्विस पडले. जिंकला तर एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा, हरला तर शून्य.

शेवटच्या फेरीला दोघे जण साडेचार गुणांवर होते. त्यातला एक परगावचा, दुसरा आपल्या एका सभासदाचा मुलगा. वय एकवीस, कृषी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला. या दोघांची आपसातली गाठ चौथ्या फेरीतच पडली होती आणि ती बरोबरीत सुटली होती. त्यामुळे शेवटच्या फेरीत दोघांनाही दुसरेच प्रतिस्पर्धी मिळाले. परगावचा खेळाडू तासाभरात जिंकला आणि साडेपाचवर जाऊन बसला. आपल्या मुलाला पहिला नंबर हवा तर जिंकणे भाग होते. आणि समोर बसले होते त्याचेच गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, चार गुणांवर असलेले. याला चौथीत असताना प्यादे कसे चालते ते शिकवलेले.

डाव साडेतीन तास चालला. शेवटी शेवटी सगळी खोली त्या एका टेबलाभोवती जमली. मुलाकडे दोन प्यादी जास्त होती. आणि अठ्ठावन्नाव्या चालीला गुरुजींनी आपला एकुलता एक घोडा उचलला आणि एका प्याद्यावर घालून दिला. मुलाने घोडा मारला. आता पटावर उरले काय, तर मुलाचा राजा, उंट आणि एक प्यादे; गुरुजींचा नुसता राजा. पाहणाऱ्यांतला एक जण हळूच म्हणाला, "गुरुजी थकलं." त्यानंतर सव्वीस चाली झाल्या, आणि चौऱ्याऐंशीव्या चालीला दोघांनी हात मिळवले. बरोबरी! मुलाचे पाच गुण झाले, दुसरा नंबर. गुरुजींचे साडेचार झाले आणि त्यांना ज्येष्ठ खेळाडूंसाठीचे बक्षीस मिळाले.

झाले. त्याच संध्याकाळपासून बोलणी सुरू झाली. पोराने गुरुजींसाठी डाव सोडला. ज्येष्ठांचे बक्षीस आधीच ठरले होते. कोणी तर म्हणाले, परगावच्या खेळाडूकडूनच काही देणेघेणे झाले. उंट आहे, प्यादे आहे, समोर एकटा राजा आहे, आणि तरी जिंकत नाही, याचा अर्थ लहान मुलालाही कळतो, असे त्यांचे म्हणणे.

आमच्या कानावर हे आले होतेच. पण मुलाच्या वडिलांकडून ऐकले तेव्हा जास्त लागले. आम्ही पूर्वहंगामी लागणीच्या नोंदीसाठी त्यांच्या रानात गेलो होतो. नोंद झाली, सही झाली, तरी ते बांधावरून हलेनात. मग म्हणाले, "सायेब, तुमी हुता न्हवं तिथं? खरं सांगा. पोरानं डाव सोडला का?"

"नाही, तात्या," आम्ही म्हणालो.

"मग जिकला का न्हाई? समोर नुसता राजाच हुता की."

विचारणाऱ्याच्या मनात राग नव्हता. त्यांना खरेच समजून घ्यायचे होते. पोराने बुद्धिबळाचा पट माळ्यावर टाकला आहे आणि चार दिवस झाले तो धड जेवत नाही, हेही त्यांनी सांगितले. आम्ही काठी घेतली आणि बांधावरच्या मऊ मातीत चार घरे काढली. पुढे जे लिहितो आहोत ते त्या चार घरांचेच आहे. हाताशी पट असेल त्यांनी पट घ्यावा, नसेल त्यांनी कागदावर रेघा ओढाव्यात.

पट मांडताना एक नियम सगळ्यांना माहीत असतो. आपल्या उजव्या हाताचे कोपऱ्याचे घर पांढरे पाहिजे. आता त्याच कोपऱ्यातून सरळ पुढे घरे मोजा. पांढरे, काळे, पांढरे, काळे. आठवे घर, म्हणजे समोरच्याच्या बाजूचे कोपऱ्याचे घर, काळे येते. मुलाकडे उरलेले प्यादे नेमके या उजव्या कडेच्या पट्टीवर होते. म्हणजे त्याला वजीर व्हायचे तर त्या काळ्या कोपऱ्यातच पोचायला हवे. आणि मुलाकडे उरलेला उंट पांढऱ्या घरांचा होता. उंट तिरका चालतो, त्यामुळे जो पांढऱ्या घरात जन्मला तो डाव संपेपर्यंत पांढऱ्यातच फिरतो. काळ्या घरावर तो पाय ठेवू शकत नाही, त्या घरातल्या कुणाला शह देऊ शकत नाही. त्या कोपऱ्याच्या दृष्टीने तो उंट असून नसल्यासारखा.

गुरुजींचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला. कोपऱ्याला लागून तीन घरे असतात. दोन पांढरी, एक काळे. मुलाने उंटाने पांढरी घरे अडवली आणि राजाने काळे अडवले, तर काय होते? गुरुजींच्या राजाला शह तर बसत नाही, पण हलायला एकही घर राहत नाही. आपल्याकडे म्हणतात राजा कोंडला, इंग्रजीत म्हणतात स्टेलमेट. आणि कोंडलेला राजा म्हणजे हरलेला राजा नव्हे. ज्याची पाळी आहे त्याला शह नसताना चालच उरली नाही, तर डाव तिथेच बरोबरीत संपतो. बरे, कोंडू नये म्हणून मुलाने एखादे घर मोकळे सोडले, तर राजा तेवढ्यात पाऊल टाकतो आणि पुढच्या चालीला परत कोपऱ्यात. प्यादे रेटत नेले, कोपऱ्याच्या अगदी पुढच्या घरापर्यंत नेले, राजा शेजारी उभा केला, तरी तेच. राजा कोंडतो. कोपरा, शेजार, कोपरा, शेजार. सव्वीस चाली हेच चालले होते.

सभासद बंधूंनो, हे आमचे मत नाही. ही पुस्तकात दिलेली, शेकडो वर्षे ठाऊक असलेली स्थिती आहे. कडेचे प्यादे, चुकीच्या रंगाचा उंट आणि राजा कोपऱ्यात. विश्वविजेत्याला मुलाच्या जागी बसवा, तोही जिंकणार नाही. उलट आम्ही म्हणतो, ज्याला डाव सोडायचा असतो तो घोडा मारल्याबरोबर हात पुढे करून मोकळा होतो. हा पोरगा सव्वीस चाली खेळत राहिला. उंट इकडून आणला, तिकडून आणला, राजा फिरवून नेला. चालींचे दोन्ही कागद आम्ही मागून घेऊन पाहिले आहेत. डाव विकणारा माणूस इतके कष्ट घेत नाही.

तात्यांनी मातीतली चार घरे बराच वेळ पाहिली. मग जे म्हणाले ते आम्हाला मोठे शहाणपणाचे वाटले. "म्हंजी पोरगं तितं न्हाई हुकलं. आदीच कुटंतरी हुकलंय."

बरोबर. ते कुठे, हे कागदावर स्पष्ट दिसते. एकतिसाव्या चालीला मुलाकडे दोन्ही उंट होते. गुरुजींकडे एक उंट, तो काळ्या घरांचा, आणि एक घोडा. मुलगा त्या वेळी एका प्याद्याने पुढे होता. पुढे असलेल्याने मोहऱ्यांची मारामारी करावी, म्हणजे उरलेला फायदा मोठा होतो, असे सगळीकडे शिकवतात आणि ते खोटे नाही. मुलाने आपला काळ्या घरांचा उंट गुरुजींच्या उंटाशी मारामारी करून काढून टाकला. पाहणाऱ्यांना ते चांगले वाटले. आम्हालाही त्या वेळी वावगे दिसले नाही. पण तो काळा उंट राहिला असता, तर सत्तावीस चालींनंतर गुरुजींना घोडा घालवून काही मिळाले नसते. कोपऱ्यात बसलेल्या राजाला त्या उंटाने तिरका शह दिला असता, राजाला कोपरा सोडावा लागला असता आणि प्यादे वजीर झाले असते. अर्धा गुण एकतिसाव्या चालीला गेला. तो गेल्याचे कळले मात्र अठ्ठावन्नाव्या चालीला.

आमच्या धंद्यात हे रोजचे आहे. उतारा कमी पडला की सगळ्यांचे बोट गव्हाणीकडे जाते. ऊस तोडून फडात किती दिवस वाळत पडला होता, किंवा लागणीला बेणे कसले वापरले होते, हे विचारायला कोणी मागे जात नाही. हे आमच्या बाजूचे बोलणे झाले. असो.

एकतिसाव्या चालीला हे दिसायला हवे होते का? आमच्या मते ही अपेक्षा जास्त आहे. पटावर बारा-पंधरा मोहरी असताना, त्यातले कडेचे एकच प्यादे शेवटी उरणार आणि त्याच्या कोपऱ्याचा रंग आपल्या उंटाशी जुळणार नाही, हे गावपातळीवरच्या खेळाडूने आधी ताडावे, हे म्हणणे सोपे आहे. ग्रँडमास्टर लोकांनाही हा कोपरा चकवतो. त्याची एक हकीकत सांगण्याजोगी आहे.

१९७१ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात अमेरिकेचा बॉबी फिशर आणि रशियाचा मार्क तैमानोव्ह यांचा सामना झाला. विश्वविजेत्याला आव्हान कोणी द्यायचे ते ठरवणाऱ्या फेऱ्यांमधला हा सामना. तैमानोव्ह नुसता बुद्धिबळपटू नव्हता, तो मैफली करणारा नावाजलेला पियानोवादकही होता. सामन्याच्या दुसऱ्या डावात शेवटी पटावर काय उरले होते पाहा. फिशरकडे राजा, उंट आणि कडेचे एक प्यादे. तैमानोव्हकडे राजा आणि घोडा. फिशरचा उंट पांढऱ्या घरांचा, आणि प्याद्याचा कोपरा काळा. हुबेहूब आपल्या वेळापूरच्या डावाचेच मोहरे! तैमानोव्हने घोडा देऊन टाकायचा आणि राजा कोपऱ्याकडे पळवायचा, एवढेच काम होते. बरोबरी हातात होती. पण डाव फार लांबला होता, आणि ८१ व्या चालीला त्याने राजा भलत्याच दिशेला नेला. तिथून कोपरा गाठता येईना. फिशरचे प्यादे सुटले आणि डाव गेला. पुढे सहाच्या सहा डाव तो हरला. सहा विरुद्ध शून्य.

मायदेशी परतल्यावर त्याच्याविषयी काय बोलले गेले असेल? तेच, जे आपल्या पारावर बोलले गेले. एवढा मोठा ग्रँडमास्टर सहा डाव असे कसे हरेल? मुद्दामच हरला असणार. विमानतळावर त्याच्या सामानाची झडती झाली आणि त्यात सोल्झेनित्सिन या लेखकाचे, रशियात तेव्हा चालत नसलेले, एक पुस्तक सापडले. त्याचे निमित्त झाले. त्याचा सन्मानाचा किताब काढून घेतला, संघातून वगळले, परदेशी जाणे बंद झाले, मैफलींवरही बंधने आली. त्याच वर्षी थोड्याच आठवड्यांनी डेन्मार्कचा बेंट लार्सन फिशरशी डेन्व्हरला खेळला. तोही सहा-शून्य हरला. लार्सनला तर कोणी मॉस्कोहून सांगितले नव्हते ना! तेव्हा कुठे तैमानोव्हवरचा संशय सैल झाला. एका माणसाच्या अब्रूसाठी दुसऱ्याला सहा डाव हरावे लागले, म्हणायचे.

आपल्या गुरुजींनी मात्र जे तैमानोव्हला त्या दिवशी सुचले नाही ते केले. यात गुरुजी तैमानोव्हपेक्षा मोठे असे आम्ही म्हणत नाही. तैमानोव्ह तेव्हा तासन् तास खेळून थकलेला होता आणि फिशर नावाचे भूत समोर होते. पण घोडा प्याद्यावर घालणे ही गुरुजींची थकवा आल्याची खूण नव्हती. त्या दिवसातली ती सर्वात चांगली चाल होती.

आता बरोबरी या शब्दाविषयी. आपण कुस्तीवाले लोक. जत्रेच्या फडात दोन मल्ल एकमेकांचे हात धरून अर्धा तास घुटमळले आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली, की आपण शिट्ट्या मारतो. पैसे फुकट गेले म्हणतो. बुद्धिबळातही असली घुटमळ आहे, हे आम्ही लपवत नाही. शेवटच्या फेरीला दोघांनाही बक्षीस सुटते आहे असे दिसले की दहा-बारा चालींत हात मिळवून चहाला जाणारे खेळाडू आम्ही पाहिले आहेत. आम्हाला त्यांचा राग येतो. काही ठिकाणी स्पर्धा भरवणारेच आता नियम करतात, की ठरावीक चालींच्या आत आपसात बरोबरी मागायची नाही. हा नियम आपल्याकडेही लावावा असे आमचे स्पष्ट मत आहे. पण ती बरोबरी वेगळी आणि ही वेगळी. तिथे दोघांनी भांडण टाळलेले असते, इथे साडेतीन तास भांडून झाल्यावर पटानेच निकाल दिला.

थोर खेळाडूंच्या सामन्यांत तर बरोबरीच जास्त. १९८४ च्या सप्टेंबरात मॉस्कोला कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांचा जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला. जो आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता. फेब्रुवारी १९८५ उजाडला तरी निकाल नाही. आपल्या कारखान्याचा एक गळीत हंगाम संपावा एवढा काळ! अठ्ठेचाळीस डाव झाले, त्यातले चाळीस बरोबरीत. कार्पोव्हचे पाच, कास्पारोव्हचे तीन. शेवटी जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी सामना मध्येच बंद केला. आणि अलीकडचेच बोलायचे तर आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशात बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. समोर आंध्रची कोनेरू हंपी. पहिले दोन मोठे डाव बरोबरीत. मग कमी वेळेचे डाव. त्यातलाही पहिला बरोबरीत. चौथ्या डावात दिव्या जिंकली, अडीच विरुद्ध दीड. एकोणीस वर्षांची मुलगी विश्वचषक घेऊन आली आणि त्यातूनच तिला ग्रँडमास्टर किताबही मिळाला. वर्तमानपत्रांनी चौथा डाव छापला. पण तिच्या अडीच गुणांपैकी दीड गुण बरोबरीचा आहे, हे गणित कुणी मांडले नाही. त्या तीनपैकी एका डावात ती हरली असती तर?

आमच्या गटातले एक वयस्कर सभासद म्हणाले, "जुन्या देशी डावात असं नव्हतं." हे त्यांचे अर्धे खरे आहे. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत नियम बरेच वेगळे होते. समोरच्याचा एकटा राजाच उरला तर त्याला बुर्जी म्हणत, आणि एकट्या राजावर मिळवलेला विजय पुरती मात धरत नसत. समोरच्याकडे मोहरी असताना मात द्यावी यात पुरुषार्थ, आणि प्याद्याने मात दिली तर मोठाच मान. म्हणजे त्या हिशेबानेही गुरुजींचा राजा एकटा उरला तेव्हा मुलाच्या हाती पूर्ण विजय आलाच नव्हता. जुने काढा नाहीतर नवे, निकाल फारसा हलत नाही.

या सगळ्यात गुरुजींशी बोलल्याशिवाय लिहायचे नाही असे आम्ही ठरवले होते. बोलणी सुरू झाल्यापासून तेही पारावर येईनासे झाले आहेत. घरी गेलो. त्यांनी आतून लाकडाचा जुना पट आणला. घरे हाताने रंगवलेली, काळा रंग बऱ्याच ठिकाणी उडालेला. तरुणपणी ते सांगलीला स्पर्धा पाहायला आणि कधी खेळायला जात. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नावारूपाला आणलेले नूतन बुद्धिबळ मंडळ आहे. पुढे महिला ग्रँडमास्टर झालेल्या स्वाती घाटे त्याच सांगलीच्या. आपल्यासारख्याच उसाच्या मुलखातले ते गाव, पण तिथे बुद्धिबळ पिढ्यान् पिढ्या रुजले आहे. गुरुजींनी सांगितले, "हा कोपरा मला तिथंच समजला. मी असाच उंट आणि कडेचं प्यादं घेऊन बसलो होतो. समोर एक वयस्कर गृहस्थ. त्यांनी घोडा दिला, आणि मला वाटलं जिंकलो. एसटीत बसेपर्यंत मला कळलं नाही काय झालं ते."

मग आम्ही विचारले, "गुरुजी, मुलाला हे माहीत नव्हतं?"

ते बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, "मी त्याला घोडा शिकवला, किल्लेकोट शिकवला, मात कशी करायची ते शिकवलं. हा कोपरा शिकवायचा राहून गेला. चौथीच्या पोराला कुठं शिकवणार? पुढं तो पंढरपूरला शिकायला गेला." आणि थोड्या वेळाने, "घोडा देताना माझा हात थरथरत होता. तो दिला नसता तर त्याला पहिला नंबर मिळाला असता की. पण मग तो डाव मी सोडला असता. त्याला ते कळलं असतं."

लोक म्हणतात पोराने गुरुजींना दिला. आणि खरी गोष्ट अशी की सोडण्याचा मोह झाला असला तर तो गुरुजींना झाला असेल, आणि त्यांनी सोडला नाही. आम्ही हे त्यांच्या परवानगीने छापत आहोत. ज्येष्ठांच्या बक्षिसाची रक्कम त्यांनी शाळेला पट घेण्यासाठी दिली आहे. ही गोष्ट छापू नका असे ते म्हणाले होते. पण देणेघेणे झाले असे म्हणणाऱ्यांसाठी ती छापणे आम्हाला जरूर वाटते. गुरुजी रागावले तर आम्ही ऐकून घेऊ.

त्यानंतर मुलाची आणि आमची गाठ पडली ती ठिबकच्या अनुदानाच्या कागदांवरून. आम्ही डावाचा विषय काढला नाही. त्यानेच काढला. चालींचा कागद खिशातच होता, घड्या पडून मऊ झालेला. एकतिसाव्या चालीवर त्याने पेनने गोल केला होता. म्हणाला, "साहेब, हा उंट ठेवायला पाहिजे होता." आम्ही विचारले, "गुरुजींना दाखवलं का?" नाही म्हणाला. गेलाच नाही त्यांच्याकडे. लोक बघतील आणि आणखी बोलतील म्हणून. गुरुजी त्याची वाट पाहतात, एवढे आम्ही त्याला सांगितले. लोकांच्या बोलण्याने एवढे मात्र झाले आहे. ज्या दोघांनी मिळून तो डाव पुन्हा मांडून बघायला हवा, ते एका गावात राहून एकमेकांच्या दारात जात नाहीत.

आमच्या गट कार्यालयात, उसाच्या नोंदीच्या टेबलाशेजारी, आम्ही पट मांडून ठेवला आहे. त्यावर चारच मोहरी आहेत. पांढरा राजा, पांढऱ्या घरांवरचा उंट, उजव्या कडेचे पांढरे प्यादे, आणि कोपऱ्यात काळा राजा. ज्यांना अजून वाटते की पोराने डाव सोडला, त्यांनी नोंदीला, तोडणीच्या तारखेला किंवा नुसते चहाला यावे आणि पांढऱ्या बाजूने खेळून जिंकून दाखवावे. काळा राजा आम्ही चालवू. सकाळी फडावर असतो, दुपारी चारनंतर कार्यालयात सापडू. प्यादे कितीही पुढे-मागे ठेवून सुरुवात केली तरी हरकत नाही. उंट मात्र पांढऱ्या घरावरच ठेवावा.